दुपारची वीज, रात्रीचा कॅमेरा

आमच्या भागात विजेला दोन नावं आहेत. तारेतून येते ती लाईट आणि आभाळातून पडते ती ईज. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या ज्यांना रोज आपल्या वावरातून दिसतात, ती माणसंही ‘लाईट गेली’ असंच म्हणतात. प्रमाण मराठीनं मात्र दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला. १७५२ साली फ्रान्समधल्या मार्ली गावी उभ्या केलेल्या लोखंडी कांबीनं आणि फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनच्या पतंगानं जे सिद्ध केलं, ते सगळं आपल्या ‘वीज’ या दोन अक्षरांत मावलं आहे.

गावाबाहेरच्या डीपीवर धोक्याची पाटी असते. तिच्यावर कवटी असते आणि तीन-चार ठिकाणी काटकोनात मोडलेली एक रेघ असते. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत आम्ही वीज तशीच काढली आणि आमची मुलंही तशीच काढतात. पण मेच्या अखेरीस एखाद्या रात्री बीडहून मांजरसुंब्याच्या घाटात वर यावं, बालाघाटाच्या कडेला थांबून उत्तरेकडे तोंड करावं आणि गेवराईच्या अंगाला, गोदाकाठच्या गंगथडीवर उठलेला वळीव पाहावा. चाळीस-पन्नास किलोमीटरवरचा तो ढग आतून पेटत-विझत असतो. आवाज येत नाही, कारण इतक्या लांबून गडगडाट पोचत नाही. अशा वेळी तिवईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात जी वीज उतरते, तिला एकही काटकोन नसतो. ती बीड जिल्ह्याच्या नकाशावरच्या सिंदफणा नदीसारखी दिसते. बिंदुसरा, कुंडलिका असे फाटे तिला कुठून कुठून मिळालेले असतात, आणि मुख्य धार वळत वळत गोदावरीकडे निघालेली असते. विजेचे फाटे मात्र उलटे, ते मिळत नाहीत, फुटतात. एवढा फरक सोडला तर नकाशा तोच.

विजेचा हा खरा आकार माणसाला कळून दीडशे वर्षंही झालेली नाहीत. विजा तर माणूस माणूस झाल्यापासून पाहतो आहे. डोळ्यांनी इतकी वर्षं पाहिलेली गोष्ट चुकीची काढली जात होती, आणि ती दुरुस्त झाली कॅमेऱ्यानं, तीही फक्त रात्री. ‘फक्त रात्री’ हे दोन शब्द पुढे बीड जिल्ह्याला फार महागात पडलेले दिसतील.

विजेचं पहिलं चित्र पकडल्याचं श्रेय अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातल्या टॉमस ईस्टर्ली याला देतात. १८४७ साली त्यानं डॅगेरोटाइपच्या चांदी चढवलेल्या पत्र्यावर विजेची रेघ उतरवली. तो मूळ पत्रा पुढे हरवला. उरली ती त्याची प्रत. त्यामुळे हातात धरता येईल असा इतिहास सुरू होतो तो फिलाडेल्फियातल्या विल्यम निकल्सन जेनिंग्ज या तरुणापासून. जन्मानं इंग्लंडचा, यॉर्कशायरचा. चित्रकार विजेला जी मोडकी रेघ काढतात ती खोटी आहे, असं त्याचं मत होतं आणि ते त्याला पुराव्यानं सिद्ध करायचं होतं. प्लेटामागून प्लेटा वाया घालवल्यावर २ सप्टेंबर १८८२ रोजी घराच्या छपरावरून त्याला वीज मिळाली. तिच्यात चित्रकारांचे काटकोन नव्हते.

त्याच सुमारास हे का साधलं, याचं उत्तर काचेवर आहे. त्याआधीच्या ओल्या कोलोडियनच्या काचा घेतल्या घेतल्या वापराव्या लागत. वाळल्या की संपल्या. वीज कधी येईल याची वाट पाहत बसायला ती काच तयार नसे. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा बाजारात आल्या आणि छायाचित्रकाराला पहिल्यांदा थांबण्याची मुभा मिळाली. शिवाय त्या जास्त संवेदनशील होत्या. आपल्याकडेही हा बदल पोचत होता. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, आणि त्याच १८८० च्या दशकात राजा दीनदयाळ यांनी निजामाच्या दरबारासाठी कॅमेरा धरला. वेरूळची लेणी, किल्ले, महाल, शिकारी, सगळं त्यांच्या काचांवर आहे. सगळं लख्ख उन्हातलं. मराठवाड्याचं दगडी वैभव त्यांनी टिपलं. आभाळाकडे कॅमेरा वळवायला इथे अजून कुणी रिकामं नव्हतं.

थांबण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी कला तिथेच आहे. वीज दिसली की बटण दाबलं, असं होत नाही. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत वीज संपलेली असते. म्हणून शटर आधीच उघडायचं आणि उघडंच ठेवायचं. जुन्या कॅमेऱ्यावर त्यासाठी ‘बी’ अशी खूण असे, आजच्या कॅमेऱ्यात ‘बल्ब’ असतं. कॅमेरा तिवईवर घट्ट, भिंग लांबच्या एखाद्या दिव्यावर जुळवलेलं, आणि काळोखाला आत येऊ द्यायचं. काळोखाचा उजेड पडत नाही, म्हणून प्लेट बिघडत नाही. वीस सेकंद, तीस सेकंद, काही नाही. मग एका क्षणी वीज येते आणि स्वतःचा फोटो स्वतः काढून जाते. लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीनं १८८७ मध्ये जगभरच्या छायाचित्रकारांना विजेचे फोटो पाठवण्याचं आवाहन केलं, तेव्हा युक्ती हीच होती. जमलेल्या फोटोंतून तिनं निष्कर्ष काढला की चित्रकारांची मोडकी रेघ निसर्गात कुठे सापडत नाही. तरी डीपीवरची पाटी अजून तशीच आहे.

बीडच्या एका मित्राबरोबर मी घाटात गेलो आहे. लग्नसराईत तो लग्नाचे फोटो काढतो आणि मेच्या शेवटी कॅमेरा घेऊन बालाघाटावर येतो. रोलच्या काळात छत्तीस फोटोंत दोन विजा मिळाल्या तरी रात्र सार्थकी लागली असं तो म्हणायचा. आता शेकडो फोटो पडतात, पण तेव्हासारखाच तो आजही त्या वेळी बोलत नाही. शटर उघडं असताना माणूस आपोआप गप्प होतो.

प्लेटा जसजशा जमू लागल्या तसतशा त्या नुसता आकार सांगून थांबेनात. जर्मनीत हाइनरिख कायझर याच्या १८८४ च्या फोटोत एकच वीज शेजारी शेजारी पडलेल्या पट्ट्यांसारखी उमटली. वाऱ्यानं विजेची वाट बाजूला सरकत गेली होती आणि त्याच वाटेनं वीज पुन्हा पुन्हा धावली होती. १८८९ मध्ये हॉफर्ट या इंग्रजानं कॅमेरा हातात धरून मुद्दाम आडवा हलवला आणि तेच दाखवलं. आपल्या डोळ्याला वीज थरथरल्यासारखी दिसते ना, ती थरथर म्हणजे एकाच वाटेवरून सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाच्या अंतरानं धावणारे तीन-चार झोत असतात.

मग चार्ल्स व्हर्नन बॉईज आला. त्याच्या डोक्यातला प्रश्न वेगळा होता: वीज वरून खाली येते की खालून वर जाते? त्यानं १९०० च्या सुमारास एक कॅमेरा बनवला. त्यात दोन भिंगं एका फिरत्या तबकडीवर समोरासमोर बसवलेली. तबकडी फिरली की एक भिंग एकीकडे जातं, दुसरं विरुद्ध दिशेला. दोन्ही फोटोंत वीज उलटसुलट वाकडी होते, आणि त्या दोन वाकांची तुलना केली की विजेचा कुठला भाग आधी उजळला ते कळतं. इतकी सुंदर कल्पना, आणि पंचवीसहून अधिक वर्षं बॉईजला मनासारखी वीज सापडली नाही. कॅमेरा बरोबर आणि वीज भलतीकडे, असं चाललं होतं. शेवटी १९२८ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ टक्सेडो पार्क इथल्या आल्फ्रेड लूमिसच्या प्रयोगशाळेत गेला असताना त्याला पहिलं यश मिळालं.

१९२८ हे साल मराठी वाचकानं आणखी एका कारणानं लक्षात ठेवावं. त्याच वर्षी भारतीय हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि रोज त्या चौकातून बसनं जाणाऱ्या किती जणांना या नावामागचं कारण ठाऊक असेल कोण जाणे. सिमल्याच्या काळात या खात्यात जॉर्ज सिम्प्सन नावाचा शास्त्रज्ञ होता. १९०८ च्या सुमारास त्यानं तिथल्या पावसाच्या थेंबांवरचा विद्युतभार मोजला आणि थेंब फुटल्यानं ढगात वीज साठते असा सिद्धांत मांडला. पुढे तो सिद्धांत पूर्णपणे टिकला नाही, पण आभाळातल्या विजेचं मोजमाप या देशात त्या पावसापासून सुरू झालं. मुंबईत कुलाबा वेधशाळेत डॉ. एस. के. बॅनर्जी यांनी डोक्यावरून वादळी ढग जाताना जमिनीवरचं विद्युतक्षेत्र कसं बदलतं ते मोजून १९३० मध्ये प्रसिद्ध केलं. हेच बॅनर्जी १९४४ मध्ये हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

पण विजेच्या पोटात काय असतं ते उघड झालं दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गच्या उन्हाळी वादळांसमोर बेसिल शॉनलंड यानं बॉईजच्या धर्तीचे कॅमेरे लावले आणि १९३३-३४ च्या हंगामांत जे फोटो मिळाले त्यांनी सगळं बदलून टाकलं. ढगातून आधी एक फिकट धागा खाली निघतो. तो सरळ येत नाही. साधारण पन्नास मीटर पुढे सरकतो, सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतका थांबतो, पुन्हा पन्नास मीटर. आंधळं माणूस काठीनं चाचपत चालावं तसा. चाचपताना त्याला फाटे फुटतात. आपल्या सिंदफणेचे फाटे ते हेच. जमिनीपर्यंत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो आणि आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसतच नाही. तो जमिनीजवळ आला की खालून, झाडाच्या शेंड्यावरून, देवळाच्या कळसावरून, पत्र्याच्या कडेवरून, उभ्या माणसाच्या डोक्यावरून त्याच्याकडे छोटे धागे वर उठतात. त्यातला एक त्याला गाठतो. गाठ पडली की मग लखलखाट होतो, आणि हा लखलखाट खालून वर धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या एक तृतीयांशापर्यंतच्या वेगानं. त्या वाटेतली हवा तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, फुटते, आणि तो फुटण्याचा आवाज म्हणजे कडकडाट.

वीज पडते असं आपण म्हणतो. त्या काचा सांगतात की अखेरच्या क्षणी तिला जमीनही वर बोलावते. आणि ते बोलावणं बहुधा जे उंच आणि एकटं उभं आहे तिथून जातं. बालाघाटाच्या मुरमाड माळावर उंच आणि एकटं काय असतं? एखादी चिंच, एखादं लिंबाचं झाड. नाहीतर उघड्या वावरात पाळी घालणारा माणूस. पाऊस आला की आपण झाडाखाली पळतो, म्हणजे ज्या जागेवरून तो धागा वर उठण्याची शक्यता सगळ्यात जास्त त्याच जागी जाऊन उभे राहतो. झाडाच्या बुंध्यातून उतरणारी वीज शेजारच्या माणसाकडे उडी मारते, मुळांपाशी जमिनीत पसरते, आणि चार पायांवर उभ्या असलेल्या गाईबैलांच्या पुढच्या-मागच्या पायांमधल्या अंतरातून त्यांच्या शरीरात शिरते. झाडाखाली बांधलेली जनावरं एका वेळी मरतात ती म्हणून.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी या मरणाचं स्पष्टीकरण आपल्या परीनं शोधलं होतं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणत. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. आभाळ गडगडायला लागलं की त्याला घराबाहेर पडू देत नसत. बाकीचे अर्जुनाची दहा नावं घेत. मला या समजुतींवर हसू येत नाही. कुणावर पडेल आणि कुणाला सोडेल याचा काहीच नियम दिसत नसताना माणसानं एखादा नियम असल्याचं मानून एका मुलाला तरी घरात ठेवलं, तर त्या दिवशी ते मूल वाचलंच. अन्याय झाला तो बाकीच्यांवर. पायाळू नाही म्हणून ते निर्धास्तपणे रानात राहिले.

आता त्या ‘फक्त रात्री’कडे येतो. जेनिंग्जपासून शॉनलंडपर्यंत ही सगळी माहिती उघड्या शटरमधून आली, आणि शटर उघडं ठेवायला काळोख लागतो. दुपारी तीस सेकंद शटर उघडलं तर पांढऱ्या कागदाशिवाय हाती काही लागत नाही. आता बीडचा मे आणि जूनचा पहिला पंधरवडा डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून उकाडा, पारा चाळिशीच्या पुढे, दुपारी दोन-तीननंतर नैर्ऋत्येकडून ढगांचे डोंगर उठतात. चार ते सहा. नेमकी तीच वेळ रानात असण्याची. रोहिणी नक्षत्र लागलेलं, मिरगाच्या आधी मशागत उरकायची, उघड्यावरचा कडबा झाकायचा, जनावरं आणायची. आमची माणसं या विजेनं मेली. रात्रीची वीज पाहायला आम्ही ओट्यावर बसायचो. तिचे फोटो निघाले, तिच्यावर शास्त्र उभं राहिलं. दुपारच्या विजेचं उरलं ते पंचनाम्याच्या कागदावर एक ओळ.

एकूण विजा किती, याचाही बराच काळ अंदाजच होता. सी. ई. पी. ब्रूक्स यानं १९२५ मध्ये गडगडाटाच्या नोंदींवरून हिशेब मांडला: साऱ्या पृथ्वीवर सेकंदाला शंभर विजा. सत्तर वर्षं हा आकडा पुस्तकांतून फिरत राहिला. १९९५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं एक छोटा उपग्रह सोडला, त्यावर विजा टिपणारा कॅमेरा होता. त्याच्या नोंदींवरून आकडा निघाला चव्वेचाळीसच्या आसपास. लगेच १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि जपान यांचा टीआरएमएम हा उष्ण कटिबंधातला पाऊस मोजणारा उपग्रह गेला आणि त्यावर त्या कॅमेऱ्याचा धाकटा भाऊ गेला.

या कॅमेऱ्याविषयी मला विशेष प्रेम आहे, कारण दुपारची वीज पाहणारा हा पहिल्यांपैकी एक. विजेच्या वाटेत तापलेला ऑक्सिजन ७७७.४ नॅनोमीटर या एका ठरावीक तरंगलांबीचा, तांबड्याच्या अगदी काठावरचा प्रकाश जोरात फेकतो. कॅमेऱ्यापुढे तेवढाच प्रकाश आत सोडणारी अरुंद गाळणी बसवली. सेकंदाला सुमारे पाचशे चौकटी घ्यायच्या, प्रत्येक चौकटीतून उन्हानं उजळलेल्या ढगाचा स्थिर उजेड वजा करायचा, आणि जे अचानक उरलं ती वीज. जेनिंग्जला जो काळोख रात्रीनं दिला होता तो इथे गणितानं तयार केला. उपग्रह साडेतीनशे, नंतर चारशे किलोमीटरवरून जात असे. एका जागेवर त्याची नजर जेमतेम दीड मिनिट राही. असे दीड-दीड मिनिटाचे तुकडे सतरा वर्षं जमत गेले, २०१५ च्या एप्रिलपर्यंत. त्या तुकड्यांत आमच्या पाटोदा, केज, आष्टी तालुक्यांच्याही दुपारी आहेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, १९६२ साली स्थापन झालेल्या आणि पाषाणच्या टेकड्यांखाली वसलेल्या या संस्थेनं, त्या नोंदी भारतासाठी वाचल्या. कांदळगावकर, टिनमेकर, कुलकर्णी आणि आशा नाथ यांनी भारतीय भूभागावर दिवसाच्या कोणत्या वेळी किती विजा होतात याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीवर जोर दुपारनंतरचा. आमच्या आज्यांना हे माहीत होतंच, पण आजीचं माहीत असणं शासनाच्या फायलीत जात नाही, आकडे जातात.

उपग्रह मात्र इशारा देऊ शकत नव्हता. दीड मिनिटात निघून जाणारा पाहुणा काय इशारा देणार? त्यासाठी चोवीस तास जागं राहणारं काहीतरी जमिनीवरच हवं होतं, आणि ते आलं प्रकाशाच्या वाटेनं नव्हे, आवाजाच्या. खऱ्या अर्थानं रेडिओच्या. आमच्या शेतातल्या आखाड्यावर ट्रान्झिस्टर असायचा. मध्यम लहरींवर परभणी किंवा तेव्हाचं औरंगाबाद केंद्र लावलेलं, आणि आभाळ स्वच्छ असतानाही मधूनच ‘खर्रर्र’ व्हायचं. म्हातारे म्हणायचे, कुठंतरी इजा चालल्यात. ते शब्दशः खरं होतं. प्रत्येक विजेबरोबर रेडिओ लहरी सुटतात. ती खरखर तीन-चार ठिकाणी कोणत्या क्षणी पोचली एवढं अचूक नोंदलं तर वीज कुठे झाली ते काढता येतं. २०१४ मध्ये या पुण्याच्या संस्थेनं महाराष्ट्रात वीस ठिकाणी असे संवेदक बसवले आणि त्यांचा हिशेब पुण्यात एकत्र आणला. पुढे हे जाळं देशभर वाढलं. २०१८ मध्ये त्यावर ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप आलं. तुम्ही उभे आहात तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरचं वर्तुळ दाखवून त्यात गेल्या काही मिनिटांत विजा कुठे झाल्या हे ते सांगतं.

तरीही मरणं थांबलेली नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात विजेनं २,८८७ माणसं मेली. त्यांच्यातली बहुतेक उघड्या रानात काम करणारी. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात गावी परततात ती नेमकी वळवाच्या तोंडावर. सहा महिने दुसऱ्याच्या फडात राबून आलेला माणूस आपल्या दोन एकराच्या तुकड्यात उतरतो आणि त्याच आठवड्यात ढग उठतात. त्याला एवढं कळायला हवं की गडगडाट ऐकू आला याचा अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आलो. पाऊस सुरू व्हायची वाट पाहायची नाही. झाडापासून दूर व्हायचं, पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत शिरायचं. तेही नसेल तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. आणि विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावायला घाबरायचं नाही. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. त्याची छाती दाबत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. वेळेत हात लागला तर त्यातली बरीच माणसं जगतात.

गेल्या खेपेला घाटात होतो तेव्हा सहा वाजत आले होते. अजून उजेड होता. मित्रानं तिवई काढलीच नाही. गाडीच्या काचा वर करून आम्ही आत बसलो, कारण ढग अजून जवळ, पालीच्या तलावाच्या वरच होता. खालच्या उतारावर एक बाई दोन शेळ्यांना ओढत वाडीकडे पळत होती. तिच्या डोक्यावर पोत्याची खोळ होती. ती पहिल्या घराच्या दारात शिरेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. नऊच्या पुढे ढग गंगथडीवर सरकला, गडगडाट ऐकू येईनासा झाला, आणि मग अर्ध्या तासानं त्यानं तिवईचे पाय ओढून लांब केले आणि शटर उघडलं.